चौथ्या दिवसाचा पाहुणा

आनंदवनात पहिल्यांदा भाजी पिकली तेव्हा ती विकत घ्यायला वरोऱ्यात कुणी तयार नव्हतं.

1951 सालची ही गोष्ट. बाबा आमटे, साधनाताई, त्यांची दोन लहान मुलं आणि सहा कुष्ठरुग्ण वरोऱ्याबाहेरच्या एका माळावर राहायला गेले. सरकारने दिलेली 50 एकर जमीन, पण कशी? खडक, झुडपं, साप, विंचू. वीज नाही, रस्ता नाही, पाणीही नाही. सोबत एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि 14 रुपये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांना ही यादी पाठ असते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गातली मुलंही ती घडाघडा सांगतात, आणि चौदा रुपयांवर येऊन थांबतात. आपण मोठी माणसंही तिथेच थांबतो. बाबांचा त्याग, साधनाताईंची साथ, झालं.

मला त्या भाजीचं पुढं काय झालं, यात जास्त रस आहे.

या माणसांनी दगड फोडून विहीर खणली. बोटं झडलेल्या हातांनी जमीन साफ केली. भाजी काढली, ती बाजारात न्यायची म्हटलं, तर वरोरा तोंड फिरवून उभा. महारोग्यांच्या हातची भाजी कोण खाणार? म्हणजे जगायला जे जे लागतं ते सगळं या लोकांनी स्वतः उभं केलं होतं, एक गोष्ट सोडून. शेजारी. ते काही जमिनीतून उगवत नाहीत.

शेजारी मिळवून दिले ते परक्या मुलामुलींनी. 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' नावाची एक संस्था आहे. पिअर सेरेसोल या स्विस माणसाने ती सुरू केली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळची गावं बेचिराख झाली होती. त्यांपैकी एन नावाच्या गावात 1920 साली त्याने वेगवेगळ्या देशांची माणसं नेली. काल एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांची माणसं आज एकत्र फावडं धरतील, अशी कल्पना. त्यांत जर्मनही होते. ते बऱ्याच गावकऱ्यांना सहन झालं नाही आणि काम अर्ध्यावर गुंडाळावं लागलं. फुकट काम करायला आलेला माणूससुद्धा नको असू शकतो! हे सेरेसोल पहिल्याच फटक्यात शिकला आणि तरी थांबला नाही. 1934 च्या बिहारच्या भूकंपानंतर तो भारतातही येऊन काम करून गेला.

त्याच्या संस्थेचे स्वयंसेवक 1950 च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत आनंदवनात आले. देशोदेशीची तरुण मुलं. तिथेच राहिली, तिथल्या माणसांबरोबर विटा-माती वाहून त्यांनी पक्क्या इमारती उभ्या केल्या. आणि तिथलीच भाजी खाल्ली. वरोऱ्याचे लोक बघत होते. गोरी पोरं महारोग्यांच्या शेजारी बसून जेवतात आणि त्यांना काही होत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. हळूहळू भाजीला गिऱ्हाईक आलं, मग दुधाला आलं.

इमारत तर गवंड्यानेही बांधली असती. त्या मुलांनी खरं काम केलं ते जेवताना.

(गोऱ्यांनी खाल्लं म्हणून आपण खाल्लं, यातही एक गंमत आहेच. शेजारच्या माणसाचा शब्द आपल्याला पुरत नाही, साता समुद्रापलीकडून साक्षीदार यावा लागतो. पण ते राहू द्या.)

आपल्याकडे मेहमाननवाजीचा अभिमान मोठा. मेहमान आला की बरकत आली, असं म्हणत आपण वाढलो. पण हदीसमध्ये याला एक मर्यादाही सांगितली आहे, ती आपण कमी वेळा सांगतो. पाहुणचार तीन दिवस. त्यापुढे जे काही करू ते सदका. आणि यजमान अडचणीत येईल इतकं पाहुण्याने राहू नये. माझी अम्मी ही हदीस एका विशिष्ट मामूंच्या मुक्कामाच्या वेळीच काढायची, ते सोडून द्या. मला मात्र त्यातला चौथा दिवस महत्त्वाचा वाटत आला आहे. तीन दिवसांनंतरही जो राहिला तो कोण? मेहमान तर नाही. मग एक तर तो दुसऱ्याच्या सदक्यावर जगतो, नाही तर हात धुऊन कामाला लागतो आणि घरचा होतो.

मदीनेतली एक गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मक्केहून रिकाम्या हाताने आलेल्या मुहाजिरांना मदीनेच्या अन्सारांनी भाऊ करून घेतलं. साद बिन रबी यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांना आपल्या संपत्तीचा अर्धा वाटा देऊ केला. अब्दुर्रहमान यांनी दुवा दिली आणि विचारलं, बाजार कुठे आहे तेवढं दाखवा. मग तूप आणि पनीर विकून ते उभे राहिले. ही गोष्ट मिंबरवरून सांगितली जाते तेव्हा सगळं कौतुक सादच्या वाट्याला जातं, आणि जावंच. पण बाजाराचा रस्ता विचारणारा पाहुणा मला तेवढाच मोठा वाटतो. यजमानाची इज्जतही त्याने राखली आणि स्वतःचीही. आनंदवनाच्या लोकांना हवा होता तोही बाजाराचा रस्ताच. दान देणारे तेव्हाही सापडत होते. भाजी विकत घेणारा सापडत नव्हता.

शेतावर राहा, दिवसातले काही तास काम करा, जेवण आणि छप्पर घ्या, अशी पद्धत आता जगभर आहे. इंग्लंडमध्ये 1971 साली सू कॉपर्ड नावाच्या लंडनच्या एका सेक्रेटरी बाईंनी शनिवार-रविवारच्या सुट्टीपुरती ती सुरू केली. शहरात कोंडलेल्यांना माती मिळावी, शेतकऱ्याला हात मिळावेत. आता अशा शेतांचं जाळं कितीतरी देशांत पसरलं आहे आणि आपल्याकडची मुलंही त्यातून हिमाचलला, गोव्याला जातात. चांगलंच आहे. पण आपल्या जिल्ह्यांत ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि ती जास्त अवघड जागी चालू आहे.

हेमलकसाचंच बघा. 23 डिसेंबर 1973 ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता. तो 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. भामरागडचं जंगल, पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा तो मुलूख. पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. त्यामुळे आधीच महिनोन्महिन्यांचा शिधा भरून ठेवायचा. कित्येक वर्षं वीज नव्हती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्यासोबत राहायला जे तरुण गेले, त्यांतले काही परतलेच नाहीत. विलास मनोहर पुण्याहून आले आणि तिथलेच झाले. गोपाळ फडणीस तिथल्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक झाले. ती शाळा 1976 ची.

तिथे पाहुणे कोण होते? ही डॉक्टर मंडळी आणि हे तरुण. यजमान होते माडिया, आणि त्यांनी या पाहुण्यांना बोलावलं नव्हतं. कपडे घातलेली, वेगळं बोलणारी माणसं दिसली की ते लांब राहायचे, पळून जायचे. म्हणून आधी माडिया भाषा शिकावी लागली. पुस्तक नाही, शब्दकोश नाही. ऐकायचं आणि चुकत बोलायचं. भाषेची शिक्षिका म्हणून मला याचं अप्रूप आहे. उर्दू माध्यमाच्या पोरांना मराठी शिकवताना मी रोज बघते, जी भाषा पोटासाठी लागते ती येते, पण जी कुणाशी तरी बोलायला लागते ती लवकर येते. हेमलकशात दवाखान्याच्या भिंती उभ्या राहायच्या आधी 'कुठे दुखतं?' हे माडियात विचारता येणं जास्त जरुरीचं होतं.

आणि पाहुण्याने कुठे थांबायचं, हे शिकायला धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. तिथे देवाजी तोफांसारखे गावातले लोक आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले कार्यकर्ते वर्षानुवर्षं एकत्र बसले. पण बसायची जागा ठरलेली. अभ्यासगटात बाहेरच्याने यावं, माहिती द्यावी, वाद घालावा. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सगळ्यांच्या संमतीने. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले, त्यामागे या बैठका आहेत. बाहेरच्या माणसाची अक्कल घ्यायची, पण त्याला गावचा पाटील करायचं नाही. मदतीला आलेल्यांची पाटीलकी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की मला हा नियम कुठल्याही शिबिराच्या दारावर लावावासा वाटतो.

कारण पाहुण्यांचं वजन असतं. कॉलेजात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला मी गडचिरोलीकडच्या एका गावात गेले होते. आम्ही पन्नासेक मुली. गावाला चालू हातपंप एकच. पहिल्या दिवशी सकाळी आमच्या बादल्यांची रांग लागली आणि गावातल्या बाया घागरी घेऊन झाडाखाली बसून राहिल्या. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी एक म्हातारी आमच्या मॅडमकडे आली आणि म्हणाली, "पोरी चांगल्या आहेत जी. पण पंप दुपारी मोकळा राह्यते." झालं, वेळापत्रक बदललं. दुपारी पाणी, पहाटे काम. आम्ही त्या गावात रस्ता केला होता, तो एखाद्या पावसात गेलाही असेल. पण पाणी, संडास, सरपण आणि उजेड या चार गोष्टींचा हिशेब केल्याशिवाय पन्नास माणसं बोलवू नयेत, हे मला बीएडच्या कुठल्याही पेपरात कुणी शिकवलं नाही. त्या बाईने एका वाक्यात शिकवलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. मूल तालुक्यात मारोड्याजवळ सोमनाथ आहे. आनंदवनातल्या बऱ्या झालेल्या कुष्ठमुक्तांनी जंगल साफ करून, धानाची बांधबंदिस्ती करून उभी केलेली ही शेती. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे दर मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. महाराष्ट्रभरातून मुलं-मुली येतात. पहाटे उठून श्रमदान, मग व्याख्यानं, चर्चा, रात्री गाणी. 1985 मध्ये बाबा कन्याकुमारीहून सायकलवाल्या तरुणांना घेऊन 'भारत जोडो'ला निघाले, त्यालाही अशाच छावण्यांनी तयार केलेली मनं कामी आली. चंद्रपूरहून मूल पन्नास किलोमीटरच्या आत आहे. पुण्या-मुंबईची मुलं रात्रभर गाडीत बसून येतात. आपल्या मोहल्ल्यातली किती गेली?

माझ्याकडे शिकून गेलेल्या तीन मुली, तेव्हा कॉलेजात होत्या, त्यांनी जायचं ठरवलं. 2018 आणि 2019 ला मे महिन्यात रमजान होता आणि चंद्रपूरचा मे कसा असतो ते सांगायला नको. तेव्हा तर विषयच निघाला नव्हता. पुढे रमजान मेमधून मागे सरकला, तसं कारणही सरलं. एकीच्या अम्मी माझ्याकडे आल्या. त्यांचे प्रश्न अगदी नेमके होते. मुली झोपतील कुठे, आंघोळीची सोय काय, नमाजला जागा मिळेल का. ही उत्तरं मी फोन करून विचारून घेतली आणि त्यांना सांगितली. शेवटी उठता उठता त्या म्हणाल्या, "और मॅडम, वहाँ अपने को साथ में बिठाते ना खाने को?"

या प्रश्नावर मी क्षणभर गप्प झाले. नाव विचारून भाजी घ्यायची की नाही हे ठरवायला सांगणारे संदेश गेल्या काही वर्षांत आपल्या सगळ्यांच्या फोनवर येऊन गेले आहेत. हातगाडीवाल्या नवऱ्याची बायको हा प्रश्न विचारते, तेव्हा तिने तो कुठून आणला हे मला कळतं. वरोऱ्याच्या बाजारात न विकलेली ती टोपली आपल्याला परकी नाही.

मी म्हटलं, "तिथली पंगतच अशा लोकांची आहे आपा, ज्यांना दुसरं कुणी शेजारी बसवत नव्हतं."

मुली गेल्या. आठ दिवसांनी तळहाताला फोड घेऊन आल्या. त्यांतली एक कमी बोलणारी आहे, तिने मला एकच गोष्ट सविस्तर सांगितली. मातीकामाला माणसांची साखळी केली होती. घमेलं एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं. तिच्या शेजारी तिथलेच एक चाचा होते, त्यांना बोटं नव्हती. ते घमेलं दोन मनगटांमध्ये धरून पुढे द्यायचे. पहिल्या दिवशी ती घमेलं त्यांच्या हातात देताना स्वतःचे हात लवकर काढून घ्यायची, आणि माती सांडायची. चाचा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बेटा, तू सोडायची घाई करते म्हणून सांडते." त्यानंतर सांडलं नाही, असं ती म्हणाली.

तिने येताना आनंदवनातल्या हातमागाची एक सतरंजी आणली होती, दस्तरखानासाठी. घरात ती कुणी अंथरू देईना. दादी म्हणाली, त्यावर जेवण? अम्मीने, त्याच अम्मीने, ती घडी करून माळ्यावर टाकली. वर मुलीला कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घालायची भाषा सुरू झाली. जिने मला विचारलं होतं की आपल्याला सोबत बसवतील ना, तिच्याच घरात बसू द्यायचं नव्हतं, आणि तेही माणसाला नाही, त्याने विणलेल्या कापडाला! मी गेले, समजावलं. कुष्ठरोग बरा होतो. एमडीटीच्या गोळ्या सहा महिने किंवा वर्षभर, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उपचार सुरू झालेल्या माणसापासून तो पसरत नाही. कापडातून, भाजीतून तर अजिबात नाही. अम्मी ऐकत होत्या, चहा पुढे करत होत्या, आणि सतरंजी माळ्यावरच होती.

मग मी त्यांना कायद्याची एक गोष्ट सांगितली, जी आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. नवऱ्याला कुष्ठरोग असणं हे मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, 1939 मध्ये बायकोला निकाह मोडून मागण्याचं एक कारण म्हणून लिहिलेलं होतं. हिंदू विवाह कायद्यात, ख्रिश्चनांच्या घटस्फोट कायद्यातही तशीच तरतूद होती. 2019 मध्ये संसदेने ती सगळ्या कायद्यांतून एकदम काढून टाकली. आपल्या एरवी न जुळणाऱ्या व्यक्तिगत कायद्यांचं या एका बाबतीत एकमत होतं, आणि ते या माणसांना घराबाहेर काढण्यावर! दादी सगळं ऐकून म्हणाली, "कानून ने निकाला तो निकाला. मेरे कू डर लगता."

डर लागतो हे तिने निदान सरळ सांगितलं. वरोऱ्याच्या बाजारातही कुणी कायदा वाचून भाजीला नाही म्हणत नव्हतं, आणि व्याख्यान ऐकून ती घ्यायला लागलं नव्हतं.

एका रविवारी त्या मुलीचे अब्बा गाडी लावून घरी आले. त्यांनी माळ्यावरून सतरंजी काढली, झटकली, ओट्यावर टाकली आणि तिच्यावर बसून टिफिनमधली उरलेली पोळी खाल्ली. मुलीने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. अब्बांनी मुद्दाम केलं की थकून जे हाताला लागलं त्यावर बसले, हे तिलाही कळलं नाही. दादी अजून त्यावर बसत नाही. पण ती आता माळ्यावर जात नाही, ओट्यावरच असते, आणि येणारे-जाणारे तिच्यावर टेकतात.

पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी लिहून ठेवते, कारण विचारणारे आहेत. छावणीच्या तारखा आणि वयाची अट दरवर्षी तिकडूनच विचारून घ्या. साधारण मेचा मध्य धरून चाला. रमजान आता त्या दिवसांत येणार नाही. बकरी ईद मात्र 2026 मध्ये मेअखेरीस येते आणि 2027 मध्ये बरोबर मेच्या मध्यावर, तेव्हा ज्यांना 2027 ला जायचं आहे त्यांनी 2026 लाच गेलेलं बरं. जाड बुटांऐवजी पायात बसणारे जुने बूट न्या, डोक्याला सुती ओढणी किंवा रुमाल, सोबत टॉर्च. पाणी कधी भरायचं, ते पोहोचल्याबरोबर तिथल्या बायांना विचारा. आणि आई-वडिलांपैकी कुणाला माझ्याशी बोलायचं असेल तर शाळा सुटल्यावर, साडेपाचनंतर यावं. चहा माझ्याकडे.